स्क्रूला पू झाला म्हणून खुबा बदलता येत नाही, हे खोटं आहे

ग्रुपवर फिरतंय की खुब्याच्या फ्रॅक्चरला घातलेल्या रॉड-स्क्रूमधे पू झाला की खुबा बदलता येतच नाही, पाय गेलाच. असं नाहीये ओ. बदलता येतो, फक्त बऱ्याचदा दोन टप्प्यांत. आधी सगळं लोखंड काढून सडका भाग खरवडतात, पू कल्चरला (कोणता जंतू आहे ते बघायला) पाठवतात आणि जागेवर अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा बसवतात, मग साधारण 6 आठवडे अँटिबायोटिक, मधे सीआरपी, ईएसआर (इन्फेक्शन-सूज किती आहे ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) बघत राहायचं, इन्फेक्शन गेलंय वाटलं की मगच नवा खुबा. आमच्या आत्याने हे सगळं काढलंय, वॉकर धरून संडासापर्यंत जाणं म्हणजे तेव्हा पंढरपूरची वारीच! धोका नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतो हे मात्र खरंय, इन्फेक्शन उलटूही शकतं.