‘हेमी डार्ट’च्या एक-स्टार रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मराठीतच उत्तर देतो. विक्रीला ठेवलेल्या आमच्या 1968 च्या डॉज हेमी डार्टबद्दल (डार्ट ही मोटार, ‘हेमी’ हे तिच्यात शर्यतीसाठी बसवलेलं ताकदवान इंजिन) तुमचं म्हणणं: इंजिन मूळचं नाही, खिडक्यांना हँडल नाहीत, हीटर नाही, रस्त्यावर चालवू दिली नाही. वर ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ हेही ऐकवलंत.

हँडल हरवलेलं नाही, ते मुळात बसवलंच नव्हतं. काच पातळ, आणि ती वर ओढायला दाराला पट्टा. तुम्ही ज्याला ‘तुटका सीटबेल्ट’ म्हणालात, तोच. वजन घटवायला हीटर, रेडिओ, मागची सीट सगळं काढलं; बॉनेट आणि पुढचे फेंडर फायबरग्लासचे केले. तिथे तुमचं लोहचुंबक चिकटलं नाही, यात फसवणूक कसली? ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या शर्यतींच्या, सुपर स्टॉक गटासाठी अशा सुमारे 80 डार्टच निघाल्या. सार्वजनिक रस्त्यासाठी ही गाडी नाही, असं कंपनीनंच स्टिकर लावून सांगितलं होतं. तरी आवारात सुरू करून दाखवली. तेव्हा दोन पावलं मागे कोण सरकलं, ते राहू द्या.

आता इंजिन. 426 क्युबिक इंचांचं हेमी पाव मैलाच्या पट्टीवर सीझनभर पिळलं की कधीतरी फुटायचंच. मग दुसरं बसवायचे. आखाड्यात उतरलेल्या पैलवानाचा कान चुरगळलेला असतोच की! ‘इंजिन त्या काळातलं, पण मूळ नंबरचं नाही’ (म्हणजे कारखान्यातून याच गाडीत बसून आलेलं नाही) ही आमच्या जाहिरातीची पहिली ओळ आहे, आणि किंमतही ते धरूनच लावलीय.

खरी भीती वेगळीच असते. साध्या डार्टमध्ये हेमी बसवून ‘अस्सल’ म्हणून खपवणारे खूप. म्हणून आधी चॅसी नंबर बघायचा: तो एल-ओ-2-3 नं सुरू व्हायला हवा. मग जुन्या टाइमस्लिपा (शर्यतीतल्या वेळेच्या छापील चिठ्ठ्या), दारावर रंगवलेलं नाव दिसणारे फोटो, रोल बारच्या (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पोलादी नळीच्या) वेल्डिंगच्या खुणा. हे सगळं एका फायलीत लावून टेबलावर ठेवलं होतं. तुम्ही ती उघडलीसुद्धा नाहीत.

घरच्यांना घेऊन फिरायला गाडी हवी असेल तर त्याच वर्षाची डार्ट जीटीएस, म्हणजे रस्त्यावर चालवायची डार्ट, बघा, पैसेही बरेच वाचतील. हेमीच हवी असेल तर तुमच्या ओळखीचा जाणकार तपासनीस घेऊन या. लिफ्टवर चढवून, हवा तितका वेळ देऊ. येण्याआधी फक्त फोन करा, शनिवारी गर्दी असते.