ढोबळी मिरचीला नर-मादी ठरवणाऱ्यांसाठी

भाजीवाल्याकडे ढोबळी मिरची उलटी धरून बुडाच्या गाठी मोजणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे शिकवलं व्हॉट्सॲपने. "तीन गाठींची नर, ती शिजवायला. चार गाठींची मादी, बिया जास्त आणि चवीला गोड, ती कच्ची खायला." मूळ इंग्रजी निरोप जगभर फिरून जुना झाला. आमच्याकडे गोव्यात येताना त्याला शेपूट फुटलं: मिरची नि मिरी एकाच कुळातल्या, तिखटपणा बियांत असतो, आणि खोला मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणजे मिरची मुळात गोव्याचीच.

आधी नर-मादीचं बघू, कारण लोक पैसे मोजताना विश्वास ठेवतात तो यावरच.

परसातल्या मिरचीच्या झाडाचं एखादं फूल जवळून बघा. पांढऱ्या पाकळ्या, त्यांच्या आत निळसर झाक असलेले परागकोश आणि बरोबर मध्ये बीजांडकोशाची दांडी. म्हणजे नर आणि मादी दोन्ही भाग एकाच फुलात. परागण झालं की पाकळ्या गळतात आणि बीजांडकोश फुगून मिरची होते. फळ धरतं ते फुलाच्या मादी भागापासूनच, त्यामुळे 'नर फळ' ही गोष्टच संभवत नाही. कुळागरवाल्यांना, म्हणजे पोफळी-मसाल्याच्या बागा राखणाऱ्यांना, हे समजवायला नको. जायफळाची नर झाडं वेगळी, मादी वेगळी. भिरंडीचंही, म्हणजे कोकमाचंही, तसंच. पण बागेत नर झाड ठेवतात ते परागासाठी. त्याच्याकडून जायफळाची अपेक्षा कोणी करत नाही.

मग गाठी कशाच्या? मिरची आडवी कापा, आतले कप्पे मोजा. बाहेरच्या गाठी हे त्या कप्प्यांचे फुगवटे. ते किती असणार हे वाणावर आणि कळी धरतानाच्या हवामानावर ठरतं, आणि एकाच झाडाला तीन गाठींच्या नि चार गाठींच्या मिरच्या लागतात. गोडी हवी असेल तर गाठी सोडून रंग बघा. हिरवी ढोबळी ही बहुधा कच्ची काढलेली असते. तीच झाडावर पिकू दिली की वाणाप्रमाणे लाल किंवा पिवळी होते आणि गोडी वाढते. गाठी मोजण्याचा एकच उपयोग मला दिसतो: भरली मिरची करायची असेल तर चार गाठींची कढईत नीट उभी राहते.

मिरी आणि मिरचीचं नातं म्हणजे निव्वळ बादरायण संबंध. मिरची वांगी, टोमॅटो, बटाटा, तंबाखू आणि धोतऱ्याच्या कुळातली. मिरीचा वेल नागवेलीच्या कुळातला. पोफळीवर चढलेले हे दोन वेल नवख्याला पानांवरून चटकन ओळखू येत नाहीत ते त्यामुळेच. रसायनंही वेगळी. मिरीला झणका देतं पायपरीन, मिरचीला कॅप्सेसीन. शाकुतीच्या मसाल्यात दोघी भेटतात खऱ्या, पण तिथे खोबरंही भेटतं. गोंधळ जुना आहे. कोलंबस निघाला होता मिरीच्या शोधात. १४९२ साली कॅरिबियन बेटांवर त्याला ही तिखट फळं मिळाली आणि त्याने ती मिरीच्या खात्यावर मांडली.

बियांचं थोडक्यात. कॅप्सेसीन बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, त्यात होतं, आणि त्याला लागून असल्यामुळे बियाही तिखट लागतात. ढोबळीत बिया भरपूर, पण तिखटपणा शून्य, कारण ते रसायन बनवणारा जनुकच तिच्यात निकामी आहे. जहाल मिरची सौम्य करायची असेल तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, शिरा खरवडाव्या लागतात.

राहिलं गोंयकारपण, म्हणजे मिरची मुळात गोव्याचीच हा दावा. मिरचीच्या लागवडीखालच्या पाचही जाती अमेरिका खंडातल्या, आणि तिचे रानटी भाऊबंदही तिकडचेच. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, म्हणजे कोलंबसानंतर अठरा वर्षांनी. मिरची इथे आली ती त्यांच्याच व्यापारातून. मानांकन याच्या आड येत नाही. माल आणि मुलूख यांचं नातं त्यात नोंदलं जातं, वनस्पतीची जन्मपत्रिका नव्हे. भारतात पहिलं मानांकन मिळालं ते दार्जिलिंग चहाला, आणि तिथल्या मळ्यांची सुरुवात चीनहून आणलेल्या चहाच्या वाणापासून झाली. काणकोणातल्या खोला मिरचीला ते मिळालं २०१९ मध्ये, पेडण्यातल्या हरमल मिरचीला २०२१ मध्ये. खोला गावात डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर मिरची घ्यायची, उन्हात वाळवायची, त्यातली चांगली बघून पुढच्या वर्षीचं बी बाजूला काढायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम आहे. मानांकन त्या कामाचं आहे.