आधी टोकन द्या, मग सल्ला विचारा

नव्या साध्या हॅचबॅकच्या पैशांत पाचशे हॉर्सपॉवरची जुनी आलिशान सेडान मिळत असेल, तर ती न घेणारा माणूस करंटाच म्हणायचा. तेव्हा घ्याच. विचार करत बसू नका. विचार करणाऱ्यांच्या नशिबी हॅचबॅकच असते. पहिल्या मालकाने चौपट पैसे मोजले, तोटा त्याने सोसला, मजा तुम्ही मारणार. हिशेब इतका सरळ असताना लोक नव्या गाड्या घेतातच कशाला, कोण जाणे.

गाडीची किंमत चौथाईवर आली म्हणजे तिच्या ब्रेक डिस्कची, शॉक अॅब्सॉर्बरची आणि हेडलाइटचीही तेवढीच उतरली असणार, हे ओघाने आलंच. सुटे भाग विकणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही. ते बिचारे गाडी नवी होती तेव्हाचाच भाव लावतात, बऱ्याचदा त्याहून चढा. त्यांचं मनावर घेऊ नका.

सल्ला कधी विचारायचा, हे मात्र नीट समजून घ्या. टोकन देण्याआधी अजिबात नाही. आधी टोकन द्यायचं, घरी सांगून टाकायचं, बॉनेटला टेकून फोटो काढायचा, तो गावभर पाठवायचा, आणि मग गाड्यांतलं थोडंफार कळणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी फोन करायचा. ‘अरे, जरा येऊन बघ ना, तुझं मत हवंय.’ गेल्या आठवड्यात मला असाच फोन आला, म्हणून इतक्या अधिकाराने सांगतोय. मत म्हणजे ‘वा!’. त्याने ‘वा’ सोडून दुसरं काही तोंडातून काढलं तर चेहरा पाडायचा आणि म्हणायचं, ‘तुला ना कशातच काही चांगलं दिसत नाही.’

मॉडेल निवडताना फक्त आकडे बघा. २००५ ते २०१० मधली बीएमडब्ल्यूची एम-५ घ्या. पाच लिटरचं व्ही-१० इंजिन, ५०७ हॉर्सपॉवर, ८,२५० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांपर्यंत, चढणारं. गाडी सुरू केली की ती आपणहून ४००च देते, उरलेल्या १०७ साठी बटण दाबावं लागतं. ताबा मिळाल्यावर हे बटण पहिल्याच वळणावर दाबा, इंजिन गार असतानाच. या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या कडेला छोटे दिवे आहेत. तेल तापत जाईल तशी आरपीएमची मर्यादा वर सरकते, हे ते दाखवतात. ती सजावट समजा. १०डब्ल्यू-६० असं जाड तेल आहे, ते तापायला वेळ लागतो, आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ही या इंजिनाची जगजाहीर दुखरी नस आहे. असू दे. बेअरिंग बदलायला कधी ना कधी इंजिनाखालचं अर्धं सामान उतरवावं लागणारच होतं, तुम्ही ते थोडं अलीकडे आणलंत इतकंच.

मर्सिडीज आवडत असेल तर मागच्या झाकणावर ६३ लिहिलेली घ्या. टर्बो येण्याआधीच्या त्या ६३ चं इंजिन नावाला ६.३, पण प्रत्यक्षात ६.२ लिटरचं आहे, म्हणजे थाप मारायला कंपनीनेच सुरुवात करून दिली आहे, पुढची विकणारा मारेल. त्याला ‘हेड बोल्ट बदललेत का?’ असं चुकूनही विचारू नका. सुरुवातीच्या इंजिनांतले, सिलिंडरवरचं झाकण आवळून धरणारे हे बोल्ट गंजून तुटायचे, मग कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये उतरायचं, आणि सिलिंडरमध्ये पाणी भरल्यावर पिस्टनचं काय होतं ते तुम्ही स्वतःच बघालच. ऑडीवाल्यांसाठीही सोय आहे. त्यांच्या ४.२ लिटर व्ही-८ च्या एका पिढीत व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सकडे बसवली होती, आणि तिला जागेवर धरणारे गाइड प्लास्टिकचे. प्लास्टिकचा तुकडा पडला की तो बदलायला अख्खं इंजिन बाहेर.

गिअरबॉक्सच्या तेलाची काळजी सोडा. ते ‘लाइफटाइम’ आहे. अनेक गाड्यांतला तो सहा गिअरचा बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. पण बॉक्स बनवणाऱ्याला काय कळतं?

सर्व्हिसची बिलं नसतील तर उत्तम, वाचायचे कष्ट वाचले.

आता गाडी बघायला जाणं. विकणाऱ्याला वेळ कळवून जा, म्हणजे त्याला तयारी करता येते. मी आणि मला फोन करणारा तो, आम्ही कळवूनच गेलो होतो. गाडी चकचकीत धुतलेली, टायरला काळं पॉलिश, आत सुगंधी फवारा. मी बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. ‘आत्ताच गाडी पुढे-मागे केली धुवायला,’ मालक म्हणाला. पुढे-मागे केल्याने बॉनेट एवढं तापत नाही हो. ते अर्धा तास चालवल्यावर तापतं. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा पहिला खडखडाट, चेनचा आवाज, मागून येणारा निळा धूर, हे सगळं गार इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांत दिसतं, आणि नेमक्या त्याच सेकंदांना आम्ही हजर नव्हतो. मी म्हटलं, उद्या सकाळी येतो, तोवर गाडीला हात लावू नका. तर ज्याच्यासाठी मी आलो होतो तोच माझ्या कोपराला धरून कानात म्हणतो, ‘जाऊ दे ना, उगाच त्याला संशय येईल.’ त्याला संशय येईल! विकणाऱ्याला!

आत बसलो. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, अगदी निर्मळ. फक्त घड्याळ भलतीच वेळ दाखवत होतं, आणि चालकाच्या बाजूची काच एका झटक्यात वर जात नव्हती, बटण दाबून धरावं लागत होतं. ज्याने बॅटरी कधी काढून परत जोडली आहे त्याला याचा अर्थ कळतो: बॅटरी नुकतीच काढली होती. गाडीने नोंदवलेले बिघाड वाचणारा खिशातला स्कॅनर लावला. फॉल्ट कोड शून्य. आणि रेडीनेस मॉनिटर? एकही पूर्ण नाही. गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच्या तपासण्या एकेक करून पूर्ण करत असतो, त्याला काही दिवसांचं चालवणं लागतं. कोड पुसले की त्या सगळ्या तपासण्या पुन्हा कोऱ्या होतात. म्हणजे दिवे दुरुस्त झाले नव्हते, त्या सकाळी नाही तर आदल्या रात्री पुसले होते. मी स्क्रीन दाखवला. माझा सोबती म्हणाला, ‘शून्य आलंय ना? मग झालं की.’

मग टायर बघितले. चार टायर, तीन कंपन्या. मागचे दोन कोरे, एवढीच जमेची बाजू, पण वेगाचा दर्जा एच. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. गाडी २५० वर कंपनीने अडवलेली, म्हणजे अडवली नसती तर त्यापुढेही गेली असती. पुढच्या एका टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत ३२१४ असा आकडा. २०१४ चा बत्तिसावा आठवडा. रबर इतकं कडक झालेलं की नख रुतेना, आणि बाजूच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगा. ‘नक्षी भरपूर शिल्लक आहे,’ मालक म्हणाला. नक्षी शिल्लक असणारच, कारण गाडी चालण्यापेक्षा गॅरेजात जास्त उभी होती! मीटरवर किलोमीटर कमी, पण ब्रेक पेडलच्या रबराची एक कड पार झिजून गुळगुळीत, आणि स्टिअरिंगचं चामडं घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी आरशासारखं चमकतंय. तेवढे किलोमीटर कुणी ब्रेक न सोडता काढले असतील तर गोष्ट वेगळी. मीटरचा आकडा बऱ्याच गाड्यांत एकापेक्षा जास्त कॉम्प्युटरमध्ये साठवलेला असतो, योग्य यंत्र लावून दोन्हीकडचे आकडे ताडून बघता येतात, हेही मी म्हटलं. यावर मालक एकदम दुखावला. ‘तुम्हाला विश्वास नसेल तर राहू दे, मागे दोन गिऱ्हाइकं उभी आहेत.’ ही दोन गिऱ्हाइकं प्रत्येक गाडीच्या मागे उभी असतात. आजवर त्यांना कुणी पाहिलेलं नाही. आणि आमचा सोबती लगेच, ‘नाही नाही, विश्वास आहे, हा जरा जास्तच बारकाईने बघतो.’

मग मी कशाला आलो होतो? गाडीला ओवाळायला?

निघताना गाडीची डावी बाजू किंचित खाली बसलेली दिसली. एअर सस्पेन्शन. रबरी पिशव्या वयाने चिरतात, हवा हळूहळू गळते, मग कॉम्प्रेसर ती भरत राहतो, रात्रंदिवस भरत राहतो, आणि एक दिवस तोही जळतो. म्हणजे वेळेत एक पिशवी बदलली असती तर जे एका पिशवीवर भागलं असतं ते आता पिशवी, कॉम्प्रेसर आणि त्याला वीज देणाऱ्या रिलेवर जातं. मालकाने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, जमीन उताराची आहे. पाण्याची बाटली आडवी ठेवली तर जागची हलली नाही, पण ते असो. मर्सिडीजच्या काही मोठ्या गाड्यांत हवेच्या ऐवजी सुमारे २०० बार दाबाचं तेल फिरवतात. तिथे गळती लागली तर उताराचीही सबब उरत नाही, खाली तळंच साचतं.

गाडी घेतली. अर्थातच घेतली.

आता घेतल्यानंतरच्या टिपा. देखभालीसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवू नका, ते चाकांच्या नव्या रिमवर घाला. दिवा लागला तर त्यावर काळी चिकटपट्टी लावा. तेल मोजायची काडी कित्येक नव्या गाड्यांतून काढूनच टाकली आहे, म्हणजे तेल बघण्याची गरजच नाही असा याचा अर्थ लावा. शहाण्या मेकॅनिकने लांबलचक यादी दिली तर दुसरा मेकॅनिक शोधा, त्याने आखूड दिली तर तिसरा, जो म्हणेल ‘एवढं काही नाही, चालेल अजून’ तो तुमचा. ब्रेक पॅडचा सेन्सर ओरडायला लागला तर त्याची वायर जोडून गप्प करणारे लोकही आहेत. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते, नाही तर गाडी जुन्याच बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते. ती नोंद करू नका, पुढच्या वर्षी पुन्हा नवी बॅटरी घेण्याचा आनंद मिळेल.

या सगळ्यानंतर परवा त्याच माणसाचा फोन आला. गाडीने डॅशबोर्डवर दिवाळी मांडली होती, गाडी एका बाजूला बसली होती आणि गरम झाल्यावर गिअर पडताना धक्का देत होती. मला वाटलं दुरुस्तीबद्दल विचारणार. तर म्हणाला, ‘तो तुझा स्कॅनर दोन दिवस देतोस का? एक गिऱ्हाईक आलंय. कोड तेवढे पुसून ठेवतो.’

इथे माझी गंमत संपली.

अरे, ज्या माणसाने तुला फसवलं त्याला गेले कित्येक दिवस शिव्या घालतोयस, आणि तेच तू पुढच्याला करणार? त्याच स्कॅनरने? तो पुढचा कुणी श्रीमंत मूर्ख नाही. तुझ्याचसारखा आहे, पगारातून वाचवून एकदा हौस भागवू म्हणणारा. आणि तो गाडी घरी नेणार ती रस्त्यावरून नेणार. पावणेदोन-दोन टनांची गाडी, पाचशेच्या आसपास हॉर्सपॉवर, पुढे भेगाळलेले टायर, संपत आलेले पॅड. त्याच्यापुढे स्कूटरवर जो कोणी असेल त्याने तुमच्या या सौद्यात टोकन दिलं होतं का?

आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. गाडी रात्रभर थंड झालेली असतानाच बघा. तुम्ही स्वतः पैसे मोजलेल्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून घ्या, टोकन देण्याच्या आधी. विकणारा नको म्हणाला की उठा आणि चालू लागा, ती दोन गिऱ्हाइकं घेतील. गाडीच्या किमतीखेरीज वर्षभराच्या दुरुस्तीचे पैसे हातात नसतील तर घेऊ नका. हौस मला कळते, माझ्याही पोटात त्या व्ही-१० चा आवाज ऐकून खड्डा पडतो. पण पोसता येत नसेल तर घेऊ नका, इतकं साधं आहे.

स्कॅनर मी दिला नाही. विकायचीच असेल तर दिवे जसे आहेत तसे पेटलेले ठेवून विका, बिलं दाखवा, काय काय बिघडलंय ते कागदावर लिहून सही करा, आणि त्या कागदाला शोभेल तो भाव घ्या. तेवढं धाडस नसेल तर सुट्या भागांसाठी द्या. दरवाजे, सीट, हेडलाइट अजून शाबूत आहेत. कुणाच्या तरी नीट सांभाळलेल्या गाडीला लागतील.