डिझेल, ऑटोमॅटिक, कॉम्बी: ‘अजिबात घेऊ नका’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. कुणी गाडी बघतोय असं कळलं की कुणीतरी तो पाठवतंच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिझेलला आता शहरांत बंदी आहे आणि दिल्लीसारखी दहा वर्षांत गाडी भंगारात जाणार, डिझेल म्हणजे मुलांच्या छातीत धूर, त्याचा फिल्टर तुंबतो, डीएसजी (फोक्सवॅगन समूहाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, त्यातही सात गिअरचा, हमखास जातो, डिझेलवरच्या करात सगळी बचत बुडते, आणि कॉम्बी, म्हणजे आपली स्टेशन वॅगन, ही म्हाताऱ्यांची गाडी, एसयूव्हीत जागाही जास्त आणि जीवही सुरक्षित. तेव्हा कुटुंबाने पेट्रोल एसयूव्हीच घ्यावी.

हे वाचून माणसं हातात आलेली चांगली सेकंड हँड गाडी सोडतात आणि कर्ज काढून महागडी, कमी सोयीची गाडी घेतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरणाला स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, २.० टीडीआय (दोन लिटरचं डिझेल इंजिन), १५० पीएस, म्हणजे अश्वशक्ती, डीएसजी ही गाडी धरतो. मध्यम बजेटच्या कुटुंबाच्या यादीत ती असतेच, आणि ऑक्टाव्हिया हे नाव आपल्याला नवं नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यातून ती अनेक वर्षं बाहेर पडत होती.

आधी बंदी. दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि राजधानी परिसराचा आहे. तो राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशातून आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. जर्मनीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. इथे वय बघून गाडी मोडीत काढत नाहीत, ठरावीक मुदतीने होणाऱ्या तपासणीत ती पास होते की नाही ते बघतात. शहरबंदी इथेही आली, हे खरं. २७ फेब्रुवारी २०१८ ला लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने शहरांना तशी मुभा दिली. पण बंदी कुणावर आली ते मजकुरात नाही. युरो ४, ५, ६ हे गाडीच्या धुरावरच्या युरोपीय नियमांचे टप्पे, आकडा मोठा तितका नियम कडक. हॅम्बुर्गने त्याच वर्षी रस्त्यांच्या दोन तुकड्यांवर युरो ६ च्या खालची डिझेल वाहनं अडवली, त्यातल्या एका तुकड्यावर फक्त ट्रक, आणि दुसऱ्या, माक्स-ब्राउअर-अलेवरची बंदी २०२३ मध्ये उठवली. श्टुटगार्टने २०१९ पासून युरो ४ आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्या थांबवल्या, पुढे काही भागांत युरो ५ च्याही. म्युनिकने फेब्रुवारी २०२३ मध्ये युरो ४ पर्यंतच्या. युरो ६ ची गाडी यातल्या एकाही ठिकाणी अडत नाही. युरोपीय संघाच्या २०३५ च्या नियमाच्या नावाने घाबरवणं चालतं तेही असंच: तो नियम नव्याने विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा आहे, रस्त्यावर असलेल्या गाड्यांचा नाही.

धुराचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाची लबाडी उघडी पडली तेव्हा ईए १८९ हे इंजिन प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसरं वागतं हे जगाने पाहिलं. ते इंजिन ऑक्टाव्हियातही होतं. ज्याने त्या काळातली युरो ५ डिझेल घेऊ नका असं लिहिलं असतं, त्याच्याशी मी वाद घातला नसता.

पण त्यानंतर नियम बदलला, आणि तिथेच हा मजकूर खोटा पडतो. आधी नायट्रोजन ऑक्साइडची मोजणी फक्त प्रयोगशाळेत व्हायची. सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि सप्टेंबर २०१९ पासून सरसकट सगळ्या नव्या गाड्यांना मोजणीचं यंत्र मागे बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा द्यावी लागते. युरो ६ ची मर्यादा किलोमीटरला ८० मिलिग्रॅम. रस्त्यावर आधी तिच्या २.१ पटीपर्यंत सूट होती, पुढे ती १.४३ पटीवर आली. म्हणून मी ओळखीच्यांना एकच तारीख सांगतो: पहिली नोंदणी सप्टेंबर २०१९ नंतरची बघा. नुसतं ‘युरो ६’ ऐकून घेऊ नका, कारण २०१५-१६ च्या युरो ६ गाड्यांपैकी बऱ्याच रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी वर जात होत्या. गाडीच्या नोंदणीपत्रावर, म्हणजे फारत्सॉइगशाइनवर, १४ क्रमांकाच्या रकान्यात उत्सर्जनाचा वर्ग छापलेला असतो. विकणाऱ्याला त्याचा फोटो मागा.

या गाड्यांना नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ॲडब्लू नावाचं द्रव लागतं. पाण्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी काही नाही. ते संपत आलं की गाडी २४०० किलोमीटर आधीपासून सांगायला लागते. तरीही दुर्लक्ष केलं तर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. तशी तरतूद नियमातच आहे, तो बिघाड नव्हे. पेट्रोल पंपावर त्याचा वेगळा नळ असतो तिथे भरा, कॅनपेक्षा स्वस्त पडतं.

आता फिल्टर. मजकुरात ‘तुंबतो’ एवढंच आहे, का तुंबतो ते नाही. पार्टिकल फिल्टर काजळी अडवतो आणि भरत आला की इंजिन जादा डिझेल सोडून त्याचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि ती काजळी जाळतं. याला दहा-वीस मिनिटं लागतात. चालवणाऱ्याला ते कळतंही, लक्ष असेल तर: सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत नाही, उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा वर राहतो, घरी येऊन इंजिन बंद केल्यावरही पुढचा पंखा घोंघावत राहतो, जरा जळका वास येतो. नेमकं अशा वेळी रोज इंजिन बंद करत गेलं तर ते जाळणं अर्ध्यावर सुटतं आणि मग दिवा लागतो. त्यावर मॅन्युअलमधला उपाय साधा आहे: ऑटोमॅटिकचा दांडा एस (स्पोर्ट) वर घ्या, ताशी सत्तरच्या वर, आरपीएम दोन हजारांच्या आसपास ठेवून पंधरा मिनिटं चालवा. ऑटोबानवर दोन एक्झिट पुढे जाऊन परत आलं की काम होतं. काजळी जळते, राख मात्र जळत नाही. ती वर्षानुवर्षं साठते आणि दीडदोन लाख किलोमीटरनंतर कधीतरी फिल्टर साफ करावा किंवा बदलावा लागतो. तो खर्च धरूनच गाडीचा भाव करा. फिल्टर काढून टाकून देण्याचा सल्ला देणारे मेकॅनिकही भेटतील. ते बेकायदा आहेच, शिवाय जुलै २०२३ पासून तपासणीत युरो ६ डिझेलचे कण मोजले जातात, गाडी तिथेच नापास होईल.

म्हणजे घर ते बालवाडी, बालवाडी ते सुपरमार्केट एवढाच तुमचा पल्ला असेल तर मजकुराचा निष्कर्ष तुमच्यापुरता बरोबर आहे: डिझेल घेऊ नका. घरी चार्जर लावता येत असेल तर इलेक्ट्रिक घ्या. पण कामाला रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्या आणि सुट्टीत मुलांना घेऊन ऑस्ट्रियाच्या डोंगरांत नाहीतर इटलीच्या किनाऱ्यावर पोचणाऱ्या घराला तोच सल्ला नुकसानीत टाकतो.

गिअरबॉक्सबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण ‘डीएसजी’ नावाखाली वेगवेगळ्या पेट्या येतात. त्यातली एक कोरड्या क्लचची, डीक्यू २००. तिला २५० न्यूटन-मीटरपर्यंतचाच टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, झेपतो, म्हणून ती लहान इंजिनांना जोडतात. ऑक्टाव्हियाच्या तिसऱ्या पिढीत १.६ टीडीआयला हीच होती. तिची बदनामी उगाच झालेली नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने तिचं सिंथेटिक तेल बदलून खनिज तेल भरण्यासाठी जगभरातून सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. पण २.० टीडीआय १५० पीएसचा टॉर्क ३४० न्यूटन-मीटर, चौथ्या पिढीच्या ऑटोमॅटिकमध्ये ३६०. तिला ती कोरडी पेटी झेपतच नाही. तिच्यात तेलात बुडालेले क्लच असतात: आधी सहा गिअरची डीक्यू २५०, नंतर सात गिअरची डीक्यू ३८१. म्हणजे ‘सहा गिअर चांगले, सात गिअर वाईट’ हा गिअर मोजून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. सात गिअर दोन्ही जातींत आहेत. बघायचं ते क्लच ओला की कोरडा.

ओल्या क्लचच्या पेटीला एक गोष्ट हवी असते, वेळेवर तेल. डीक्यू २५० ला दर ६०,००० किलोमीटरला, डीक्यू ३८१ ला १,२०,००० ला. हे काम करायला काहीशे युरो लागतात, म्हणून गाडी विकायला काढलेले बरेच मालक ते टाळतात. सेकंड हँड गाडी बघताना मी सर्व्हिस बुकातले शिक्के बघून थांबत नाही, गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मागतो. बिल नसेल तर भाव खाली, नाहीतर दुसरी गाडी. मग गाडी पूर्ण गरम करून चढावर थांबवायची, ब्रेक सोडून हळू पुढे सरकू द्यायची आणि पहिला-दुसरा-तिसरा बदलताना धक्का किंवा थरथर आहे का ते बघायचं. थंड गाडीवर हे दोष लपतात.

ऑटोमॅटिकची गरज आपल्या लोकांना आणखी एका कारणाने पडते आणि ते मजकूर लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. भारतीय लायसन्सवर इथे सहा महिनेच चालवता येतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अनेक जण, विशेषतः नोकरी आणि मुलं सांभाळून शिकणाऱ्या आया, ती परीक्षा ऑटोमॅटिकवर देतात. तशी दिली की लायसन्सवर ७८ हा आकडा येतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. २०२१ पासून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअरच्या गाडीवर पंचेचाळीस मिनिटांचे किमान दहा धडे घेऊन हा अडसर टाळता येतो, पण ज्यांचं लायसन्स आधीच ७८ चं आहे त्यांना ‘मॅन्युअल घ्या, कटकट नाही’ हा सल्ला काय कामाचा? घरातल्या दोघांनाही चालवता येईल ती गाडी घरची.

कराचा हिशेब कागदावर मांडून बघा. डिझेलला दर १०० सीसीमागे ९.५० युरो, पेट्रोलला २ युरो. दोन लिटर डिझेलचे झाले १९०, दीड लिटर पेट्रोलचे ३०. त्यावर कार्बन डायऑक्साइडचा कर. २०२१ नंतर नोंदलेल्या गाडीला, डिझेलचा आकडा १२५ ग्रॅम आणि पेट्रोलचा १३० धरला, तर ६२ आणि ७३. एकूण २५२ विरुद्ध १०३, फरक दीडशे युरो वर्षाला. आता इंधन: डिझेल १०० किलोमीटरला ५ लिटर, १.६० च्या भावाने ८ युरो, पेट्रोल ६.५ लिटर, १.७० च्या भावाने ११ युरो. शंभर किलोमीटरला तीन युरोंची बचत, म्हणजे करातला फरक पाच हजार किलोमीटरमध्ये वसूल. विमा आणि खरेदीची जादा किंमत धरली तर हा आकडा बारा-पंधरा हजारांवर जातो. त्याहून कमी फिरणाऱ्याने पेट्रोल घ्यावं. वर्षाला वीस हजार फिरणाऱ्याला ‘बचत बुडते’ सांगणं म्हणजे त्याचे पैसे बुडवणं आहे. भाव बदलतील, तेव्हा स्वतःचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

राहिली जागा आणि सुरक्षितता. ऑक्टाव्हिया कॉम्बीच्या चौथ्या पिढीची डिक्की ६४० लिटर. त्याच कंपनीची कारोक ही एसयूव्ही ५२१ लिटर. हा फरक विमानतळावर दिसतो. आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले की फ्रँकफुर्टला तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा घेऊन बाहेर पडतात. कॉम्बीत चार मोठ्या बॅगा उभ्या राहतात, वर मुलाची घडी केलेली गाडी आडवी बसते, आणि डिक्कीचा काठ खाली असल्याने साठीतल्या माणसालाही बॅग छातीपर्यंत उचलावी लागत नाही. कॉम्बी कारोकपेक्षा तीसेक सेंटिमीटर लांब आहे, जुन्या इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ते जाणवतं, हे मान्य. सुरक्षिततेत दोन्ही गाड्यांना युरो एनकॅपचे, म्हणजे गाड्या आदळवून तपासणाऱ्या युरोपीय संस्थेचे, पाच तारे आहेत. उंच बसल्याने सुरक्षित वाटतं, पण अचानक वळवायची वेळ आली तर बुटकी गाडी जमिनीला जास्त धरून राहते.

एका बाबतीत कॉम्बी कमी पडते. मागे दोन चाइल्ड सीट लावल्या की मधल्या जागेत मोठं माणूस बसत नाही, मग आजी-आजोबांसह सगळे एकाच गाडीत निघू शकत नाहीत. त्यासाठी एसयूव्हीही उपयोगाची नाही, फोक्सवॅगन ट्युरानसारखी सात जणांची गाडी बघा. तीही डिझेल डीएसजीमध्ये मिळते, आणि तिच्याही गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मागा.