‘पॅकेज फसलं’ म्हणणाऱ्यांचा लाडका आलेख

मंदीत सरकारने पैसा ओतावा का, हा वाद निघाला की एक दाखला हमखास पुढे येतो: अमेरिका, २००९. मांडणी साधारण अशी असते. ‘ओबामांनी ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज दिलं. बेकारी ८ टक्क्यांवर रोखू म्हणाले, ती १० टक्क्यांवर गेली. पैसा बँकांच्या घशात गेला, रस्ते-पूल झालेच नाहीत, कर्जाचा डोंगर तेवढा उरला. सरकार एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालतं, त्यातून नवं काही होत नाही. आणि नंतर दिसली ती सुधारणा निव्वळ कागदावरची.’

यातली निम्मी विधानं खरी आहेत, आणि दावा इतकी वर्षं टिकलाय तो त्यामुळेच. सरकारी खर्चावर माझीही आंधळी श्रद्धा नाही. पण या खऱ्या विधानांतून जो निष्कर्ष काढला जातो, तो त्यांतून निघत नाही.

आधी ते ८ टक्के. जानेवारी २००९ मध्ये, ओबामांचा शपथविधीही व्हायचा होता तेव्हा, क्रिस्टिना रोमर आणि जॅरेड बर्नस्टाइन या त्यांच्या दोन सल्लागारांनी एक छोटा अहवाल काढला. त्यात दोन रेषांचा एक आलेख होता. पॅकेज दिलं तर बेकारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल, नाही दिलं तर ९ च्या आसपास जाईल. प्रत्यक्षात ऑक्टोबर २००९ मध्ये ती १० टक्के झाली. विरोधकांनी त्याच आलेखावर खऱ्या आकड्यांची तिसरी रेष चढवली आणि ते चित्र पुढे वर्षानुवर्षं फिरत राहिलं.

आता तारखा बघा. कायद्यावर सही झाली १७ फेब्रुवारीला. त्या महिन्यातच बेकारी ८.३ टक्के होती. म्हणजे पॅकेजचा पहिला डॉलर कुणाच्या हातात पडायच्या आत ‘पॅकेजसह’ची रेष मोडून झाली होती. पुढे ‘पॅकेजशिवाय’ची रेषही मोडली. दोन्ही रेषा एकाच बाजूला चुकल्या, कारण जिथून त्या काढायला सुरुवात केली ती जागाच चुकीची होती.

ती का चुकली, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेचं देशांतर्गत उत्पादन किती घटलं, याचा पहिला सरकारी आकडा जानेवारीच्या अखेरीस आला: वार्षिक दराने ३.८ टक्के. महिन्याभरात तो ६.२ झाला. २०११ च्या फेरतपासणीत तो ८.९ वर गेला. म्हणजे ज्या खड्ड्याचं माप घेऊन माती मागवली, तो खड्डा प्रत्यक्षात दुपटीहून खोल होता. रोमर-बर्नस्टाइन यांचा दोष आहेच. अंदाज चुकू शकतो असं अहवालात म्हटलं होतं, काही खासगी जाणकार काहीच न केल्यास ११ टक्क्यांपर्यंतची भीती दाखवताहेत असंही होतं, पण ते तळटिपेत. तळटीप कोण वाचतं? लोकांच्या लक्षात राहिला तो आलेख. राजकारणात आकडा छापून मोकळं होण्याची किंमत त्यांनी मोजली. पण ती आकडा छापण्याची किंमत होती. पॅकेजने काय केलं, याचा पुरावा त्यात कुठेच नाही.

‘पैसा बँकांच्या घशात गेला’ ही तर सरळ गल्लत आहे. बँकांसाठीचा ७०० अब्ज डॉलरचा कायदा वेगळा, ऑक्टोबर २००८ चा, आणि त्यावर सही जॉर्ज बुश यांची. बँकांना दिलेली रक्कम पुढे वरकड मिळकतीसह परतही आली. पण सरकारी पैशांवर वाचवलेल्या एआयजी या विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळालेल्या बोनसची बातमी मार्च २००९ मध्ये फुटली, पॅकेजच्या सहीला जेमतेम महिना होत असताना, आणि संतापात दोन्ही खाती एक झाली. तो संताप मला समजतो, हिशोब तेवढा वेगळा ठेवायला हवा.

रस्त्यांबद्दल मात्र टीकाकारांचं बरंचसं बरोबर आहे. ‘उद्या फावडं मारता येईल’ अशी कामं तयार आहेत असं सांगितलं गेलं, आणि २०११ मध्ये खुद्द ओबामांनी ती तितकी तयार नव्हती हे हसत हसत कबूल केलं. पण मुळात पॅकेज म्हणजे रस्ते हा समजच खोटा. ७८७ अब्जांपैकी वाहतूक खात्याच्या वाट्याला आले सुमारे ४८ अब्ज. साधारण एक तृतीयांश भाग करसवलतींचा होता. बाकीचा मोठा भाग राज्यांना मदत, बेकारभत्ता, अन्नसाहाय्य असा. दिसणारं काम थोडं, न दिसणारं जास्त. दिसत नाही त्याचं श्रेय मिळत नाही, आणि शिव्या मात्र पूर्ण रकमेच्या पडतात.

करसवलतही अशी दिली की ती कुणाला कळू नये. माणशी ४०० डॉलर, पण धनादेश न देता पगारातून होणारी कपात कमी करून. २००९ मध्ये आठवड्याला साधारण १३ डॉलर जास्त हातात. कल्पना अशी की एकरकमी पैसा लोक बाजूला टाकतात, थोडाथोडा आला तर खर्चून टाकतात. छान कल्पना. नंतरच्या पाहणीत उलटं दिसलं. २००८ मध्ये बुश सरकारने एकरकमी परतावा दिला होता, त्याच्या तुलनेत ही पगारातली वाढ खर्च केल्याचं सांगणारे कमीच निघाले. इथे संशयवादी जिंकले, मान्य.

त्याच उन्हाळ्यातल्या जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या योजनेवरही ते जिंकतात. जुनी, पेट्रोल पिणारी गाडी द्या, नवी घेताना ३,५०० किंवा ४,५०० डॉलर सूट घ्या. ३ अब्ज डॉलर दोन महिन्यांच्या आत संपले, पावणेसात लाखांहून अधिक गाड्या खपल्या. जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून मेकॅनिक इंजिनातलं तेल काढायचा, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचा आणि इंजिन चालू ठेवायचा. थोड्याच वेळात आतल्या आत काच धरून इंजिन जाम व्हायचं. चालू इंजिन असं मुद्दाम मारणं बघून कुणाच्याही पोटात कालवेल. पुढच्या काही महिन्यांत विक्री तेवढीच खाली आली. जे लोक वर्षभरात गाडी घेणारच होते, त्यांनी ती फक्त आधी घेतली.

पण एवढ्यावरून ‘सरकारी पैशातून नवं काही होतच नाही’ असं म्हणता येत नाही. खिशांचा हा युक्तिवाद चालतो तो सगळी माणसं, सगळी यंत्रं कामाला लागलेली असताना. तेव्हा सरकारने एक गवंडी उचलला तर खासगी घराचा एक गवंडी कमी होतो. २००९ मध्ये गवंडी घरी बसला होता. सरकारने कर्ज उचलल्यामुळे खासगी धंद्याला पैसा महागला असता, तर व्याजदर चढायला हवे होते. मध्यवर्ती बँकेचा दर शून्याला टेकलेला होता, आणि सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचा परतावा २०११ च्या अखेरीस २ टक्क्यांच्या खाली होता. दुसरा खिसा रिकामा झाल्याची ही लक्षणं नव्हेत.

‘पॅकेजचा फायदा झाला, हे सगळं अर्थतज्ज्ञांच्या गणिती मॉडेलांतून आलेलं, मॉडेलात जे घालाल तेच बाहेर पडेल’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारी अहवालांतले ‘इतक्या लाख नोकऱ्या वाचल्या’ हे आकडे खरोखरच तसे काढलेले होते. भरीस भर, सरकारी संकेतस्थळावर अस्तित्वातच नसलेल्या मतदारसंघांच्या नावावर नोकऱ्या दाखवल्या गेल्या. त्यामुळे ते आकडे बाजूलाच ठेवू.

त्याऐवजी हे बघा. गरिबांच्या आरोग्यविम्यावरचा, म्हणजे मेडिकेडवरचा केंद्राचा वाटा पॅकेजने सगळ्या राज्यांसाठी सारखाच, ६.२ टक्के गुणांनी वाढवला. ज्या राज्यांत हा खर्च मंदीच्या आधीपासूनच जास्त होता, त्यांना आपोआप जास्त पैसा मिळाला. मंदी कुठे जास्त लागली, याचा त्या भागाशी संबंध नव्हता. म्हणजे नकळत एक प्रयोगच झाला. जास्त पैसा मिळालेल्या आणि कमी मिळालेल्या राज्यांची तुलना करता एक लाख डॉलरमागे साधारण ३.८ माणसांना वर्षभराचं काम मिळाल्याचं दिसलं. हे कुणा मॉडेलमधून आलेलं नाही, प्रत्यक्ष नोकऱ्यांच्या नोंदींतून काढलेलं आहे.

कर्जाबद्दल थोडक्यात. २००९ च्या आर्थिक वर्षाची तूट १.४ लाख कोटी डॉलर झाली खरी. पण अमेरिकी काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने पॅकेज येण्याआधीच, जानेवारीत, १.२ लाख कोटींचा अंदाज दिला होता. मंदीत कर आटतात, भत्ते वाढतात.

संशयवाद्यांचा खरा हुकमी पत्ता २००९ मध्ये नाहीच, तो २०२१ मध्ये आहे. मार्च २०२१ मध्ये १.९ लाख कोटी डॉलरचं पॅकेज आलं, अर्थव्यवस्था करोनातून सावरायला लागली असताना. अर्थतज्ज्ञ लॅरी समर्स यांनी आधीच सावध केलं होतं. हेच समर्स २००९ मध्ये ओबामांच्या सल्लागारांत होते. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. त्यात युक्रेनमधलं युद्ध आणि तुटलेल्या पुरवठ्याचाही वाटा होता, पण पॅकेजला पूर्ण सोडून देता येणार नाही. खड्ड्यापेक्षा माती जास्त झाली. म्हणजे २००९ चं नेमकं उलटं.

राहिली ‘कागदावरची सुधारणा’. बेकारीचा दर घटला, त्यातला काही भाग काम शोधणंच सोडून दिलेल्यांमुळे होता, हे खरं आहे. २५ ते ५४ या वयोगटातले कामावर असलेले लोक २००७ मध्ये साधारण ८० टक्के होते, २००९ च्या अखेरीस ७५ च्या आसपास आले, आणि पुन्हा ८० गाठायला २०१९ उजाडलं. टीकाकार हा आकडा पॅकेज फसल्याचा पुरावा म्हणून दाखवतात. त्यांनी एक आकडा शेजारी ठेवून बघावा. बहुतेक राज्यांना कायद्याने तूट ठेवता येत नाही, त्यामुळे केंद्राची मदत आटल्यावर त्यांनी शिक्षक आणि इतर कर्मचारी कमी केले. २००९ ते २०१३ या काळात राज्यं आणि स्थानिक संस्थांतल्या पाच लाखांहून अधिक जागा गेल्या. वॉशिंग्टन एका हाताने माती टाकत होतं, तेव्हा राज्यं दुसऱ्या बाजूने तोच खड्डा खणत होती.