वॉरंट नाही, एवढ्यानेच झडती बेकायदा ठरत नाही

समाजमाध्यमांवर एक संदेश वारंवार फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. न्यायालयाच्या वॉरंटशिवाय पोलिसांना कोणाच्याही घरात पाऊल टाकता येत नाही. सूर्यास्तानंतर तर मुळीच येता येत नाही. म्हणून वॉरंट दिसेपर्यंत दार उघडू नये. स्वतंत्र पंच नसतील तर झडती आपोआप रद्द होते. बेकायदा झडतीत सापडलेली वस्तू न्यायालय पुरावा म्हणून स्वीकारतच नाही. आणि मोबाइल ही खासगी वस्तू असल्यामुळे तो पोलिसांच्या हाती देण्याचे कोणतेही बंधन नागरिकावर नाही. फौजदारी न्यायालयात काम करताना या संदेशावर विसंबलेली माणसे मला भेटतात, आणि बहुधा वेळ निघून गेल्यावर भेटतात. दारात त्यांनी वॉरंटवरून वाद घातलेला असतो, पण जप्त मालाच्या यादीची प्रत मात्र मागितलेली नसते. म्हणून या संदेशातले एकेक विधान कायद्याशी ताडून पाहणे मला गरजेचे वाटते.

वॉरंटपासून सुरुवात करू. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली आहे. न्यायालयाने झडतीचे वॉरंट केव्हा काढावे, हे या संहितेच्या कलम ९६ आणि ९७ मध्ये सांगितले आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने बहुधा तेवढेच वाचलेले दिसते. त्याच संहितेचे कलम १८५ (जुन्या संहितेतले कलम १६५) पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किंवा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत देते. शिवाय ज्याला अटक करायची आहे तो एखाद्या घरात शिरला असेल, तर त्याच्या शोधासाठी कलम ४४ खाली त्या घरात प्रवेश करता येतो. त्यामुळे संदेशातले पहिले विधान सरसकट चुकीचे आहे. आपल्याकडील तपासात झडती म्हटली की प्रत्येक वेळी वॉरंट असतेच, असे मुळीच नाही.

मात्र कलम १८५ म्हणजे पोलिसांना दिलेला मोकळा परवाना नव्हे, आणि हे कलम थोडे थांबून वाचण्यासारखे आहे. अधिकाऱ्याला ज्या गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकार आहे त्याच्याच तपासासाठी एखादी वस्तू आवश्यक असली पाहिजे, ती त्या ठिकाणी सापडेल असे मानायला त्याच्याकडे वाजवी कारण असले पाहिजे, आणि अवाजवी विलंब न होता ती दुसऱ्या मार्गाने मिळणार नाही असे त्याचे मत झालेले असले पाहिजे. या मताची कारणे आणि शक्य तितक्या नेमकेपणाने त्या वस्तूचे वर्णन त्याने झडतीपूर्वी लेखी नोंदवायचे असते. नव्या संहितेने या नोंदींच्या प्रती ताबडतोब, आणि कोणत्याही परिस्थितीत ४८ तासांच्या आत, जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचे बंधन घातले आहे. जुन्या कलमात केवळ ‘ताबडतोब’ असा शब्द होता आणि त्याचा अर्थ सोयीने लावला जाई. ज्याच्या घराची झडती झाली त्याने अर्ज केला, तर दंडाधिकाऱ्यांकडून त्याला या नोंदींची प्रत विनामूल्य मिळते. राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात, अशी कारणे न नोंदवता घेतलेल्या झडतीला अडथळा करणाऱ्या माणसाची निर्दोष मुक्तता सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली कायम ठेवली होती. त्या झडतीतला दोष ‘वॉरंट नव्हते’ हा नव्हता. कारणे लिहिलेली नव्हती, हा होता.

रात्रीच्या झडतीबद्दलचे विधान दोन वेगळ्या तरतुदी एकत्र केल्यामुळे निर्माण झाले असावे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करण्यावर कलम ४३ चे निर्बंध आहेत, पण ते अटकेबद्दलचे आहेत, झडतीबद्दलचे नाहीत. अंमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ४२ मध्येही सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेचा उल्लेख आहे. मात्र तेथेही रात्रीच्या प्रवेशाला मनाई नसून, वॉरंट मिळवेपर्यंत माल लपवला जाईल असे वाटण्याची कारणे आधी लिहून ठेवण्याची अट आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ किंवा १८५ मध्ये घड्याळाची अशी कोणतीही मर्यादा नाही.

दार न उघडण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. कलम १०३ नुसार बंद जागेच्या ताबेदाराने झडतीसाठी प्रवेश देणे आणि वाजवी सोय करणे बंधनकारक आहे. कलम १८५ खालच्या झडतीलाही हेच नियम लागू होतात, आणि प्रवेश मिळत नसेल तर आपला अधिकार व हेतू सांगून, प्रवेश मागून, त्यानंतर दार तोडण्याची मुभा कायदा अधिकाऱ्याला देतो. बेकायदा झडतीला विरोध करता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मान्य केले आहे, हे खरे. पण झडती कायदेशीर आहे की नाही हे ठरवणारी कारणे अधिकाऱ्याच्या कागदांत असतात, आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते कागद दिसत नाहीत. त्याचा अंदाज चुकला, तर लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल, गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली, आणि धक्काबुक्की झाली तर कलम १३२ खाली, त्याच्यावर स्वतंत्र गुन्हा दाखल होतो. कलम १३२ ची शिक्षा दोन वर्षांपर्यंतची आहे. ज्याच्याविरुद्ध मूळ प्रकरणात फारसे काही नव्हते, अशा माणसाने दारातल्या झटापटीमुळे आरोपी म्हणून उभे राहणे मी पाहिले आहे, आणि ते पाहवत नाही. अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, पोलीस ठाणे आणि गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक विचारावा, आपली हरकत शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगावी, आणि आत येऊ द्यावे. हरकत नोंदवल्याने पुढे लढण्याचा हक्क शाबूत राहतो.

आता पंच. हे विधान पूर्ण खोटे नाही, आणि म्हणूनच ते लोकांना पटते. त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावून त्यांच्या समक्ष झडती घ्यावी, तसे कोणी उपलब्ध नसेल किंवा तयार नसेल तर दुसऱ्या परिसरातून बोलवावे, असे कलम १०३ सांगते. लेखी आदेश देऊनही वाजवी कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा गुन्हा ठरतो. तरीही पंच स्थानिक नव्हते किंवा ते न्यायालयात फितूर झाले, एवढ्यावरून झडती रद्द होत नाही. पोलिसांची साक्ष केवळ ती पोलिसांची आहे म्हणून फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. अशा वेळी न्यायालय ती साक्ष अधिक काळजीने पारखते, इतकेच.

ही पारख कशी होते, हे एखादा पंचनामा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. (कलम १०३ मध्ये पंचनामा हा शब्दच नाही; तेथे फक्त यादी आहे. शब्द आणि रिवाज दोन्ही आपले.) वरच्या बाजूला पंचांची नावे, वय, धंदा आणि पत्ता, मग पोलिसांनी बोलावून झडतीचा हेतू समजावून सांगितल्याचा मजकूर, मग घराचे वर्णन, कोणत्या खोलीत, कोणत्या कपाटाच्या कितव्या कप्प्यात काय मिळाले, वस्तू कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, पंचांच्या सह्यांचे लेबल लावून, लाखेची मोहोर करून सीलबंद केल्याचा उल्लेख, आणि शेवटी पंचनामा अमुक वाजता सुरू करून तमुक वाजता संपवला ही ओळ. उलटतपासणी याच ओळींवर चालते. पंचनामा संपल्याची वेळ सायंकाळी सातची आहे आणि ठाण्याच्या नोंदवहीत तोच मुद्देमाल साडेसहाला जमा झालेला आहे, किंवा लेबलावर एकाच पंचाची सही आहे, किंवा तोच पंच त्याच ठाण्याच्या अनेक प्रकरणांत साक्षीदार आहे, तर प्रश्न तेथून सुरू होतो. खटला अशा तपशिलांवर ढासळतो. केवळ ‘पंच नव्हते’ असे म्हणून तो ढासळेलच, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

बेकायदा झडतीतला पुरावा बादच होतो, हा समज अमेरिकेतून आला आहे. तेथील राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडतीपासून संरक्षण देते, आणि तिचा भंग करून मिळवलेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही वगळावा, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. तशी तरतूद आपल्या घटनाकारांनी घातलेली नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने १९५४ मध्येच नमूद केले होते. पुढे १९७३ साली, प्राप्तिकराच्या छाप्यांवरून उद्भवलेल्या पूरनमल प्रकरणात, घटनापीठाने स्पष्ट केले की घटनेत किंवा कायद्यात मनाई नसेल, तर पुरावा ग्राह्य आहे की नाही याची कसोटी तो वादाशी संबंधित आहे की नाही हीच असते. तो कसा मिळवला, या कारणावरून तो आपोआप वगळला जात नाही. आधी उल्लेखिलेल्या १९६२ च्या निकालाचाही सूर असाच आहे: सदोष झडतीला विरोध करता येतो आणि जप्तीचा पुरावा न्यायालय बारकाईने तपासू शकते, याहून अधिक परिणाम होत नाही. २०१७ साली पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले आणि १९५४ च्या निकालातील त्याविरुद्धचा भाग रद्द केला. या निकालानंतर पूरनमलचा पुनर्विचार व्हायला हवा, असे माझे मत आहे. पण आज न्यायालयात जो कायदा लागू होतो तो माझ्या मताप्रमाणे चालत नाही, आणि अशिलाला मत सांगून भागत नाही.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि संदेशात नेमका तोच नाही. अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, ज्याची अंगझडती घ्यायची आहे त्याला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे, हे त्याला सांगणे सक्तीचे आहे. या कलमाचा भंग करून अंगझडतीत मिळालेला पदार्थ तो बेकायदा बाळगल्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे घटनापीठाने १९९९ साली बलदेवसिंग प्रकरणात ठरवले. मात्र हे संरक्षण अंगझडतीपुरते आहे. हातातल्या पिशवीच्या झडतीला ते लागू होत नाही.

मोबाइलबद्दलचे विधान अर्धवट आहे, आणि येथे कायदाच अजून पुरता घडलेला नाही. संपर्काची साधने हजर करण्याचा लेखी आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली काढता येतो. गुन्ह्याचा संशय निर्माण करणारी मालमत्ता कलम १०६ खाली जप्त करता येते, आणि फोन ही अशी मालमत्ता असू शकते. म्हणजे ‘देणार नाही’ असे म्हणण्याचा सरसकट हक्क नाही. पण संशयाची अट त्याच कलमात आहे. कोणत्याही गुन्ह्याचा संदर्भ नसताना रस्त्यात थांबवून कोणाचे खासगी संवाद वाचत बसण्याला त्या कलमाचा आधार मिळत नाही. पासवर्डचा प्रश्न याहून वेगळा आहे. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे घटनेचा अनुच्छेद २०(३) सांगतो. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने या संरक्षणात येत नाहीत, हे अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये ठरवले आहे. डोक्यात असलेला पासवर्ड ठशासारखा मानायचा की साक्षीसारखा, यावर मात्र मते वेगळी पडली आहेत: कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड मागणे अनुच्छेद २०(३) च्या विरुद्ध नाही असे म्हटले, तर दिल्लीच्या एका विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीला पासवर्ड सांगण्याची सक्ती करण्यास नकार दिला. पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीवरून सुरू असलेल्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, याबाबत मार्गदर्शक तत्त्वे असली पाहिजेत असे केंद्र सरकारला बजावले होते. अशा अनिश्चित स्थितीत ‘तुम्हाला पूर्ण हक्क आहे’ असे लोकांना ठामपणे सांगणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. फोन जप्त होत असेल, तर निदान त्याचा आयएमईआय क्रमांक (फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि तो चालू होता की बंद, हे पंचनाम्यात लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

संदेशात जे नाही ते असे. झडती चालू असताना हजर राहण्याचा हक्क घरातल्या व्यक्तीला किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणाला प्रत्येक वेळी आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यतेची कटाक्षाने काळजी घेऊन घ्यायची असते. पंचांच्या सह्यांची, जप्त वस्तूंची यादी जागेवरच तयार झाली पाहिजे आणि तिची प्रत ताबेदाराला मिळाली पाहिजे. कलम १०५ प्रमाणे ही सारी प्रक्रिया, यादी बनवणे आणि तिच्यावर सह्या घेणे यासह, दृक्‌श्राव्य माध्यमातून चित्रित करून ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे चित्रीकरण, यादीची प्रत आणि कलम १८५ खालच्या नोंदींची प्रत, हे तिन्ही ज्याच्याकडे वेळेवर असते त्याच्या वकिलाला उलटतपासणीत हवेत वार करावे लागत नाहीत. नोंदींच्या प्रतीसाठीचा अर्ज एका पानाचा असतो: गुन्हा नोंदणी क्रमांक, झडतीची तारीख, जागेचा पत्ता आणि कलम १८५ च्या पाचव्या उपकलमाचा उल्लेख. झडती झाल्यावर तिसऱ्याच दिवशी तो संबंधित न्यायालयात द्यावा, कारण ४८ तासांत ते कागद तेथे पोहोचले होते की नाही, हे त्याच दिवशी कळते.