मका कोंबड्यांनाच शोभतो म्हणणाऱ्यांना उत्तर

पावसाळा लागला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: मका हे कोंबड्यांचं खाद्य, त्यात पोषण शून्य, दाणे पचत नाहीत, साखर भडकते आणि स्वीटकॉर्न तर जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं. येवला, मालेगाव, सटाण्याकडे खरिपात मक्याची शेतं पसरलेली असताना आपलीच माणसं हे पुढे ढकलतात, याचा मला राग येतो.

जीएमचं झटक्यात मिटतं. भारतात जीएम मक्याच्या लागवडीला परवानगीच नाही. स्वीटकॉर्नचा गोडवा निसर्गतः झालेल्या जनुकबदलातून आला. त्याच्या दाण्यात साखरेचं स्टार्च कमी बनतं, एवढंच. आणि कोंबड्या बाजरीही खातात, म्हणून आपण भाकरी सोडली का?

दाणे पचत नाहीत, हेही खरं नाही. शौचात दिसतं ते साल. त्यातलं सेल्युलोज माणसाला पचत नाही, आतला गर मात्र पचतो. नीट चावून खा.

आता पोषण. १०० ग्रॅम उकडलेल्या स्वीटकॉर्नमध्ये सुमारे ३ ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम कर्बोदकं, अडीच ग्रॅम तंतू आणि शंभराच्या आत कॅलरी असतात. पिवळ्या दाण्यात ल्युटीन आणि झिअ‍ॅक्सँथिन असतं. हीच द्रव्यं आपल्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी साठतात. म्हणून मक्याने डोळ्यांचे आजार बरे होतात, असं मात्र कुणी समजू नये.

मक्याची खरी उणीव त्या मजकुरात आलेलीच नाही. त्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही प्रथिनांतली आवश्यक अमिनो आम्लं कमी, शिवाय नायसिन (ब३ जीवनसत्त्व) असं बांधलेलं की शरीराला सहज मिळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार, झाला. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवायची जुनी रीत आहे, त्याने नायसिन मोकळं होतं. आपल्याकडे मका एकटा खाल्ला जात नाही. सोबत वरण किंवा मटकीची उसळ असली की लायसीनची कसर भरून निघते.

साखरेचं म्हणाल, तर उकडलेल्या स्वीटकॉर्नचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते त्याचं माप) साधारण ५० ते ५५, कॉर्नफ्लेक्सचा ८०च्या आसपास. पीक एकच, फरक प्रक्रियेचा. मधुमेह असेल तर कणीस खा, पण त्या जेवणातली एक पोळी कमी करा. गंगापूर धरणाकडे फिरायला गेलात आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर कणीसवाल्याला लिंबू भरपूर आणि मीठ बेताचं चोळायला सांगा.